राणीचं नाक

सुप्रिया : आता पाचव्या रुपयाचा फोटो पाठवला, मामा. दिसून राहिला का?

मुकुंदमामा : दिसून राहिला. पण रुपयापेक्षा तुझा अंगठाच जास्त दिसून राहिला. अंगठ्याचा दर्जा विचारत असशील तर सांगतो. एकदम कोरा. कामाची सवय नसलेला.

सुप्रिया : मस्करी नका करू ना बाप्पा. माझा जीव टांगणीले लागला आहे. अंकुरचा फोन येऊन गेला, आजीले घेऊन ते नागपूरहून निघाले. सावनेरले चहाले थांबतो म्हणे. म्हणजे किती वेळ उरला, तुम्हीच सांगा.

मुकुंदमामा : सावनेरला भजीपण खातील. दीड तास धर. आता तू मला सुरुवातीपासून नीट सांग. मघा तुझ्या मामीनं फोन हातात दिला तेव्हा तू नुसती 'राणी हरवली, राणी हरवली' करत होतीस. मला वाटलं, पांढुर्ण्यात कोणाची पोरगी पळाली.

सुप्रिया : राणी म्हणजे राणीछाप कलदार, जुना चांदीचा रुपया. आजीचा. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिच्या सासूनं तिच्या ओटीत टाकलेला. एकसष्ट वर्षं झाली, देवघरात देवीच्या पायाशी राहते तो. रोज त्याची पूजा.

मुकुंदमामा : बरं. आणि तो कुठं हरवला?

सुप्रिया : हरवला नाही. इथंच आहे. माझ्यासमोरच्या सात रुपयांत एक तो आहे. फक्त कोणता ते माहीत नाही.

मुकुंदमामा : सात?

सुप्रिया : आजीचा एक, आणि कपाटातल्या पोटलीत आजोबांचे सहा होते. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, मोतीबिंदूचं. मी म्हटलं, आजी नव्या डोळ्यानं पहिल्यांदा देवघर पाहणार, तर सगळं लखलख पाहिजे. समई घासली, घंटी घासली, ताम्हण घासलं. मग म्हटलं रुपयाही घासू. मग ते सहा आठवले. म्हटलं, त्यांचीही आंघोळ होऊन जाऊ दे.

मुकुंदमामा : एकाच वाटीत?

सुप्रिया : एकाच वाटीत.

मुकुंदमामा : कशानं घासले?

सुप्रिया : चिंचेनं. मग थोडी राख. मग जुना टूथब्रश.

मुकुंदमामा : (खुर्ची ओढत) टूथब्रश!

सुप्रिया : मामा? आवाज येऊन राहिला का?

मुकुंदमामा : येऊन राहिला. मी जरा बसलो.

सुप्रिया : काय झालं?

मुकुंदमामा : काही नाही. नागपूरला आमची नाणेवाल्यांची बैठक असते. तिथं कोणी 'टूथब्रश' असं नुसतं म्हटलं तरी अर्धे लोक चपला घालून निघून जातात. पोरी, जुन्या चांदीवर जो काळसर रंग चढतो ना, तो चढायला शंभर-सव्वाशे वर्षं लागतात. तू तो एका वाटीत काढून मोरीत ओतलास.

सुप्रिया : माझ्या डोळ्यांत पाणी येऊन राहिलं, मामा.

मुकुंदमामा : येऊ दे, पण रुपयांवर नको सांडू. आता आणखी ओले करू नको. मला सांग, आधी तो ओळखू कसा येत होता?

सुप्रिया : कुंकवावरून. रोजचं कुंकू त्या राणीच्या केसांत, मुकुटात, कडेच्या अक्षरांत जाऊन बसलं होतं. लालेलाल. आंधळ्यानंही ओळखला असता. आता सातही राण्या सारख्याच गोऱ्या.

मुकुंदमामा : राणीला कुंकू लावतात तुझ्या आजेसासूबाई, जयवंतामावशी?

सुप्रिया : रोज. बरोबर कपाळावर.

मुकुंदमामा : गंमत आहे. व्हिक्टोरिया राणी विधवा होती, माहीत आहे तुला? चाळीस वर्षं काळे कपडे घातले बाईनं. आणि इकडं पांढुर्ण्यात तिला रोज कुंकू.

सुप्रिया : मामा, हे तुम्ही आजीले कधी सांगू नका. तुम्हाला माझी शपथ.

मुकुंदमामा : मी इतिहासाचा मास्तर आहे, इतिहास सांगू नका असं मला सांगू नको. बरं, बरं, नाही सांगत. पण तू खरं सांगून का टाकत नाहीस मावशींना? चूक झाली, हे घ्या सात, तुम्ही ओळखा.

सुप्रिया : कसं सांगू? पंचवीस वर्षांत आजीनं माझ्या सासूबाईंलेही देवघराले हात लावू दिला नाही. आणि या वेळेस नागपूरले जाताना मले बोलावून म्हणे, 'आठ दिवस देवघर तुह्या हाती.' सासूबाई पाहतच राहिल्या. माझ्या लग्नाले दीड वर्षही झालं नाही, मामा. आता मी तिच्या हातात दुसराच रुपया दिला, तर ती भांडणार नाही, भांडली तर मले चालेल. ती चूप राहील. आणि मग देवघराची किल्ली कंबरेला लावून घेईल, ती पुन्हा या जन्मात निघणार नाही.

मुकुंदमामा : समजलं. म्हणजे काम रुपयाचं नाही, किल्लीचं आहे.

सुप्रिया : हाव.

मुकुंदमामा : मग लागू कामाला. सातही रुपयांखाली चिठ्ठ्या ठेव, एक ते सात. खिडकीशी जा. फ्लॅश बंद कर. फ्लॅशमध्ये सगळेच सुंदर दिसतात, लग्नाच्या अल्बमसारखे. रुपया उजेडाशी तिरपा धर. तिरप्या उजेडात झीज दिसते. आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढ. तू आतापर्यंत नुसती तोंडंच पाठवली, पाठी कुठं आहेत?

सुप्रिया : पाठीवर काय असते पाहाले? नुसती इंग्रजी अक्षरं आणि पानाफुलांची वेल.

मुकुंदमामा : अर्धा रुपया तिथंच असतो. काढ.

सुप्रिया : काढून राहिली... एकचा पाठवला. दोनचा. तीन... हा हलला, पुन्हा काढते. पाठवले सगळे.

मुकुंदमामा : थांब, चष्मा पुसतो. हं. एक नंबर. हा हाटात फिरलेला आहे. सौंसरच्या बाजारात, रामाकोन्याच्या बाजारात, कोणाच्या कमरेच्या बटव्यात. दोन्ही बाजूंनी सारखा गुळगुळीत. याला आमच्याकडं 'फाइन' म्हणतात.

सुप्रिया : फाइन म्हणजे चांगला ना?

मुकुंदमामा : फाइन म्हणजे वाईट.

सुप्रिया : आँ?

मुकुंदमामा : इंग्रजांची रीत. फाइन म्हणजे बराच झिजलेला. 'व्हेरी फाइन' म्हणजे जेमतेम बरा. 'एक्स्ट्रा फाइन' म्हटलं की मग खरा चांगला. माणसानं मन न दुखवता खोट सांगावी कशी, ते याच्यावरून शिकावं.

सुप्रिया : म्हणजे अंकुरचा फोटो पाहून तुम्ही आईले म्हटलं होतं, 'स्थळ व्हेरी फाइन आहे', ते...

मुकुंदमामा : तो फोटो फ्लॅशमध्ये काढलेला होता. दोन नंबर बघ. वरच्या कडेला, मुकुटाच्या वर, बोट फिरव. लहानसा फुगवटा लागतो का?

सुप्रिया : लागते. चण्याच्या टरफलाएवढा.

मुकुंदमामा : तिथं कडी होती. कोणाच्या तरी गळ्यातल्या माळेतला आहे हा. कडी काढून मग घासला. तो आजीचा नाही, ओटीतला रुपया कोणी गळ्यात ओवत नाही. तीन आणि सहा, दोघंही व्हेरी फाइन, चारचौघांसारखे. सात नंबरच्या कडेवर खाच आहे, सोनारानं चांदी खरी का खोटी ते पाहिलेलं आहे. बाजूला ठेव.

सुप्रिया : आणि पाच?

मुकुंदमामा : पाचचं मला कळतच नाही. तोंड बघितलं तर राणीचं नाक गेलं, गाल गेला, कपाळ सपाट झालं, भुवई कुठं होती ते पत्ता नाही. आणि पाठ बघितली तर वेलीच्या पानापानाची शीर मोजून घ्यावी. बाजारात फिरलेला रुपया दोन्हीकडून झिजतो. एका तोंडानं फाइन आणि दुसऱ्या तोंडानं एक्स्ट्रा फाइन, असं चालत नाही. बिघडलेला माल. माझ्यासमोर आला तर मी त्याला दर्जाचा कागद लिहून देणार नाही.

सुप्रिया : बिचारी. पण तिचं तोंड असं हसरं काहून दिसते?

मुकुंदमामा : नाक नसलं की सगळेच हसरे दिसतात. आता चार नंबर पाहा. आहाहा! घासून वाटोळं केलंस, तरी बघ. केसांची वेणी न् वेणी सुटी. झग्यावरची नक्षी मोजता येते. मुकुटातला मोती न् मोती जागेवर. हा रुपया बाजारात गेलाच नाही. टाकसाळीतून निघाला आणि कुठंतरी जपून राहिला.

सुप्रिया : म्हणजे?

मुकुंदमामा : म्हणजे हाच. अगं, साधी गोष्ट आहे. देवघरातला रुपया एकसष्ट वर्षं खर्चला नाही, हाटात गेला नाही, गल्ल्यात आपटला नाही. मग तो सातांत सगळ्यात कोराच असणार. चार नंबर. लिहून घे.

सुप्रिया : नक्की?

मुकुंदमामा : चाळीस वर्षं झाली मला रुपये पाहायला. शाळेत हजेरी चुकली असेल, रुपया नाही चुकला.

सुप्रिया : मामा, तुम्ही देवासारखे धावून आले. मामीले सांगा, संत्र्याची पहिली करंडी तुमच्याकडं. थांबा, फोन समईजवळ उभा करून ठेवते. रुपया देवीच्या पायाशी ठेवून, कुंकू लावून टाकते आजीसारखं. म्हणजे कोणाले शंकाच नको. लाल वस्त्र... हं. आधी अंगठा ओला करून तीनदा पुसायचं, मग कुंकू...

मुकुंदमामा : काय म्हणालीस?

सुप्रिया : कुंकू.

मुकुंदमामा : त्याच्या आधी.

सुप्रिया : तीनदा पुसायचं. अंगठ्यानं. आजी तसंच करते. कालचं कुंकू कपाळावरून खालपर्यंत, जोर लावून. म्हणते, शिळं कुंकू राहू नाही. मग नवं लावते.

मुकुंदमामा : रोज?

सुप्रिया : रोज. ताप असला तरी. मागच्या साली पाय मुरगळला, तर खुर्ची देवघरासमोर लावून घेतली होती.

मुकुंदमामा : आणि पाठ? पाठ पुसतात का?

सुप्रिया : छे. राणीले पालथी पाडली तर पाप लागते म्हणते. ते नेहमी वस्त्रावर, तोंड वर.

मुकुंदमामा : एकसष्ट गुणिले तीनशे पासष्ट... गुणिले तीन. सहासष्ट हजार... सातशे... सुप्रिया!

सुप्रिया : काय झालं? ओरडता काहून?

मुकुंदमामा : कुंकू लावू नको! चार नंबर खाली ठेव! त्याला आयुष्यात कोणी हात लावलेला नाही, तो पोटलीतला आहे. अगं, जवळजवळ सदुसष्ट हजार वेळा अंगठा फिरला आहे त्या राणीच्या तोंडावरून, राख कधीमधी लागली असेल ती वेगळी. नाक राहील का? पर्वत राहणार नाही!

सुप्रिया : पाच?

मुकुंदमामा : पाच! तोंड गेलं आणि पाठ कोरी! आणि मी तिला बिघडलेला माल म्हणालो. मी आपला बाजारच शोधत बसलो. रुपया घरातल्या घरात झिजू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हे तू मामीला सांगू नको.

सुप्रिया : मामी स्वयंपाकघरात हसून राहिली, मले इथून ऐकू येऊन राहिलं.

मुकुंदमामा : ती कढीला हसते आहे. पाच उचल, चार पोटलीत टाक, आणि... ते काय वाजलं?

सुप्रिया : दार. मामा, दार वाजलं. इतक्या लवकर कसे आले हे?

मुकुंदमामा : भजी संपली असतील.

(सुप्रिया तशीच दाराकडं धावते. सात रुपये चिठ्ठ्यांवर आणि फोन समईला टेकून उभा.)

आजी : अवं सुप्रिया! हे आपलं दार हिरवं कधी केलं वं?

सुप्रिया : हिरवंच आहे आजी, माझ्या लग्नाआधीपासून.

आजी : मी चार साल झाले निळं समजून राहिली. अन् इकडं ये, उजेडात ये. हं. तू मले वाटली होती तितकी गोरी नाहीस.

सुप्रिया : आजी!

आजी : पन छान आहेस. मले वाटली होती त्याहून छान. अंकुर, ते थैली आत नेऊन ठेव बापू. चहाले थांबू नोको म्हटलं मीच, माहं देवघर पाहाचं होतं. सर, पाय धुते न् येते... अगं माय! हे समई आपली आहे?

सुप्रिया : आपलीच.

आजी : लखलख लखलख करून राहिली. अन् हा बाजार कायचा मांडला खाली? एक, दोन, तीन... हे तर पोटलीतले कलदार.

सुप्रिया : आजी, मी एक चूक केली.

आजी : बोल.

सुप्रिया : तुमचा रुपया आणि पोटलीतले सहा, मी एकाच वाटीत धुतले. चिंचेनं. तुम्हाले सगळं लखलख दिसावं म्हणून. त्याचं कुंकू निघून गेलं. आता...

मुकुंदमामा : मावशी, नमस्कार. पोरीचा दोष नाही, मी सांगतो...

आजी : हा कोन बोलून राहिला देवघरातून?

सुप्रिया : फोन आहे, आजी. सौंसरचे मुकुंदमामा.

आजी : मास्तर का? नमस्कार. पन मास्तर, तुमी थांबा जरा. मी पोरीले विचारून राहिली. सांग वं, यातला माहा कोनता?

सुप्रिया : हा. पाच नंबरचा.

आजी : काहून हाच?

सुप्रिया : हिचं नाक नाही म्हणून.

आजी : दे इकडं. डोळ्यानं नोको, अंगठ्यानं पाहू दे आधी... हाव. हेच. हेच माही बाई. आता डोळ्यानं पाहते... अगं बाई! हिचं नाक कुठं गेलं वं? ओटीत पडली तवा चांगलं सरळ, टोकदार नाक होतं!

सुप्रिया : तुम्हीच पुसलं, आजी. सदुसष्ट हजार वेळा.

आजी : कोनं मोजलं?

सुप्रिया : मामांनी.

आजी : मास्तर, तुमाले काही काम नाही का?

मुकुंदमामा : रिटायर झालो मावशी, हेच काम आहे. पण खरं सांगायचं तर आमच्या हिशेबानं तुमचा रुपया सातांत सगळ्यात खालचा. तोंडावर काही राहिलंच नाही.

आजी : अन् वरचा कोनता?

मुकुंदमामा : चार नंबर. त्याला कधी कोणाचा हात लागला नाही. एकदम कोरा.

आजी : बिचारा. कोनीच नाही लावला?... ऐकलं का वं सुप्रिया, देवाची सेवा करता करता मी हिचं नाकच खाऊन टाकलं. अन् इतके साल ते चूप. एक शब्द बोलली नाही.

सुप्रिया : आजी, तुम्ही हसून राहिल्या?

आजी : मंग काय रडू? डॉक्टरनं रडाले मना केलं आहे. टाका खराब होते म्हने.

मुकुंदमामा : मावशी, आता तुम्ही हसतच आहात तर एक सांगू का? ही राणी...

सुप्रिया : मामा! शपथ!

आजी : विधवा होती, तेच ना?

मुकुंदमामा : तुम्हाला माहीत आहे?

आजी : पोटलीवाल्यानं सांगतलं होतं. अंकुरचे आजोबा. त्यायले पुस्तकं वाचाचा मोठा नाद. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात म्हनाले, अवं, तिचा नवरा कधीचाच गेला, तू तिले कुंकू काहून लावते? म्या म्हटलं, मी तिले विचारलं नाही, अन् ते नाही म्हनाली नाही.

सुप्रिया : मग आजोबा?

आजी : ते काय, हसले. मंग ते गेले, त्याले आता सव्वीस साल झाले. तेराव्याले बाया जमल्या, माहं कुंकू पुसलं. त्यातली एक म्हने, आता रुपयाचंही बंद करा. म्या म्हटलं, माहं पुसलं ते पुसलं, तिचं पुसाचं काम माहं आहे. अन् पुसलं की मी लगेच नवं लावते.

मुकुंदमामा : मावशी...

आजी : बोला.

मुकुंदमामा : शाळेत असतो तर हे पोरांना शिकवलं असतं.

आजी : रिटायर झाले ते बरं झालं. कोन्या पोरानं पेपरात लिहिलं असतं, तर तुमीच शून्य दिला असता.

मुकुंदमामा : खरं आहे. मी फोन ठेवतो. मामी जेवायला बोलावते आहे, आणि माझ्या चार नंबरची गोष्ट सगळ्या आळीला सांगणार आहे.

सुप्रिया : संत्री पाठवते, मामा.

आजी : पाठव. अन् त्यायले सांग, मोजत नोको बसू म्हना. ठेवला का फोन? ठेवला. मंग आता उठ, त्या ताटातलं कुंकू घे.

सुप्रिया : मी?

आजी : मंग कोन? आठ दिवस म्हटलं होतं मी. आज सातवा आहे.

सुप्रिया : आजी, मी तर सगळंच...

आजी : बोलत नोको बसू, वेळ होते. अंगठा ओला कर. पुस. एकदाच पुस वं, तीनदा नोको. माह्यासारखं वेड लावून घेऊ नोको. अन् हलका हात. नाक तर गेलंच, कपाळ तरी राहू दे तिचं.

सुप्रिया : असं?

आजी : हाव, असं. आता लाव. बरोबर मधात. बघ, किती छान दिसते. मले तर आजच दिसली ते. बाकीचे पोटलीत टाक, अन् त्या चार नंबरलेही थोडं लाव टाकताना. कोरा आहे म्हनते मास्तर.

सुप्रिया : लावलं. झालं, आजी. मी हात धुऊन येते, मुगाची खिचडी लावली आहे तुमच्यासाठी.

आजी : थांब. बोटाले उरलं ना थोडं?

सुप्रिया : हाव, उरलं.

आजी : मंग ते कायले धुते? आन इकडं.

सुप्रिया : आजी...?

आजी : आन वं. डॉक्टरनं डोळ्याले पानी लावू नोको म्हटलं आहे. कुंकवाचं तो काही बोलला नाही.